आधी चपला

पहिला देव मी एका रात्रीत केला.
नऊ हात, तीन डोळे, कपाळातून वीज,
सोन्याचा कळस, सहाशे पायऱ्या
आणि ‘अनादि काळापासून’नं सुरू होणारी दीड पानं.
शनिवारी पाथर्डी फाट्याला, कादंबरी आहेरच्या गच्चीवर
ती मी वाचून दाखवली, आवाज जरा जड करून.
मुझफ्फर कोकणीनं चिवडा खाता खाता विचारलं,
“चपला कुठं काढायच्या?”

वीस बाजूंचा फासा घरंगळत ताटलीखाली गेला,
माझा देवही त्याच्या मागोमाग.

मग आठवडाभर सातपूरची पहिली पाळी सुटली
की गाडी थेट गंगेवर.
दर्शनाला नाही. उचलायला.
खिशात वही, आणि डोळे भुरट्या चोराचे.
द्रोणातले दिवे विकणारी बाई
संध्याकाळी काठाला लागलेल्या वाती वेचून वाळवते.
पूर आला की माणसं आकडे विचारत नाहीत,
दुतोंड्या मारुतीकडं बघतात:
कमरेला लागलं. छातीला लागलं.
गळ्याशी आलं की दुकानदार फळ्या उचलतात.
आणि त्या वह्या, उपाध्यायांच्या, लाल फडक्यातल्या.
गाव सांगा, आडनाव सांगा,
बोट सरकत सरकत सहा पिढ्या मागं जातं
आणि तुमचा कुणी मेलेला माणूस सही करून बसलेला असतो.

घरी येऊन देवाचे सात हात छाटले.
वीज काढली. देवाची देवी झाली, नाव थळाई.
तिचं तोंड नदीकडं नाही, बाजाराकडं.
का, त्याच्या तीन कथा, एकमेकींना खोट्या पाडणाऱ्या;
खरी कुठली ते मलाही माहीत नाही.
नवस कानात सांगतात, म्हणून उजवा कान झिजलेला.
कळस पितळेचा. सोन्याचा करायची वर्गणी
चाळीस वर्षं चालू आहे.
दोन पुजारी, सख्खे भाऊ, बोलणं बंद,
घंटा एकच.
चपला डाव्या हाताला, खालच्या पायरीशी.

यावेळी कुणी चिवड्याला हात लावला नाही.
शुद्धोदन गांगुर्डेचा चोर
अमावस्येला कौलातून आत उतरला, देवीच्या नथीतलं माणिक काढायला,
आणि वह्यांच्या फडताळापाशीच अडकला.
“माझ्या पणज्याचं नाव असेल यात?”
मी सवयीनं म्हणालो, “फासा टाक.”
त्यानं फासा मुठीत धरला. टाकला नाही.
“हे फाशावर असतं होय?”

झिजलेला कान केला होता मी,
भावांचं भांडण केलं होतं,
बाहेर कोण उभं राहतं ते करायचं राहिलं होतं.
त्याला ते विचारावं लागलं नाही.
त्याचा खरा पणजोबा
पंचवटीतल्या काळ्या दगडाच्या देवळासमोर
दार उघडेल म्हणून उभा होता.
त्यांच्या घरी अजून कुणी ‘दर्शनाला गेलो’ म्हणत नाही.
‘आपण उभे होतो’ म्हणतात.

खाली कुणीतरी गाडी मागं घेत होतं, तिची पिपाणी वाजत राहिली.
मी म्हणालो, “नाही. नाव नाही.
दगड वाहणाऱ्यांची नोंद ठेवलेली नाही.”
म्हणालो खरं, पण वाक्य माझं वाटेना.

“माणिक राहू दे,” शुद्धोदन म्हणाला.
“समईची काजळी घेतो, बोटभर.”
“वहीत लिहिणार?” कादंबरीनं विचारलं.
“छे. खालच्या पायरीवर. डाव्या हाताला.”
काय लिहिलं, ते त्यानं सांगितलं नाही.
मी नकाशावर पेन्सिलीनं एक बारीक रेघ ओढली,
आणि त्या रात्री खेळ तिथंच थांबला.

गेल्या शनिवारी सिन्नरचा एक नवा भिडू आला.
त्याचा योद्धा थळाईच्या देवळाशी पोचला,
जोडे काढायला वाकला.
फासा कुणी टाकला नव्हता, मी तोंडही उघडलं नव्हतं.
मुझफ्फर म्हणाला,
“तिथं नको. इकडं काढ.”